८ इंची डॉब्सोनियन टेलिस्कोप: गॅलक्सी बघायला घेणाऱ्यांसाठी, इंदूरहून

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. चंद्र, शनी, गुरू, तारकागुच्छ यांच्यासाठी पाचपैकी पाच स्टार, डोळे मिटून घ्या. गॅलक्सी इंदूरच्या गच्चीवरून बघायच्या असतील तर पाचपैकी एक, तोही देवयानी गॅलक्सीच्या मधल्या ठिपक्यासाठी. आणि गाडीत घालून शहराबाहेर न्यायची तयारी असेल तर साडेचार, अर्धा फाइंडरपायी (नेम धरायची नळीवरची छोटी दुर्बीण) कापला. ओळखीतले दोघं-तिघं सध्या हीच दुर्बीण घ्यायच्या बेतात आहेत आणि सगळे बॉक्सवरचा तो निळा-गुलाबी भोवरा बघून हुरळलेत, म्हणून लिहायला बसले. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, ८ इंची डॉब्सोनियन सगळ्या एकाच धाटणीच्या, आरसा, नळी आणि खाली बैठक, फरक पडतो तो किरकोळ सामानात.

वस्तू काय आहे तर २०३ मिलिमीटरचा आरसा, १२०० मिलिमीटर फोकल लेंग्थ, आणि पार्टिकल बोर्डची बैठक जी हाताने ढकलून फिरवायची. मोटर नाही, कॉम्प्युटर नाही, ॲप नाही. नळी दहा किलोच्या आसपास आणि बैठक पण जवळजवळ तेवढीच, त्यामुळे दोन खेपा करून गच्चीवर चढवता येते, कंबर शाबूत असेल तर. ही रचना जॉन डॉब्सन नावाच्या गृहस्थांची. ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात रामकृष्ण परंपरेतले संन्यासी होते, मठात राहून भंगारातल्या काचा घासून दुर्बिणी बनवायचे, १९६७ मध्ये मठ सोडावा लागला, मग फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवत बसले. मला ही गोष्ट दुर्बिणीइतकीच आवडते.

पॅकिंग बरं होतं पण आतला छोटा आरसा हलून आला होता, विकणाऱ्याला फोन केला तर "भाभीजी वो तो आप खुद सेट कर लीजिए" असं उत्तर. केलं, व्हिडिओ बघून तासाभरात होतं. पण पन्नास हजाराच्या वर पैसे घेऊन आरसे जुळवायची एक कॉलिमेशन कॅप सुद्धा देऊ नये हे मला पटलं नाही.

आता मुद्द्याचं. जाहिरातीत लिहिलेलं असतं की ही दुर्बीण डोळ्यापेक्षा ८४० पट उजेड गोळा करते. खोटं नाहीये ते. अंधारात आपली बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते, आरसा २०३, दोन्हींचा वर्ग करून भागाकार करा, ८४०च येतात. तारा हा बिंदू असतो, त्याचा सगळा उजेड बिंदूतच राहतो म्हणून ताऱ्यांना याचा पुरता फायदा मिळतो. गॅलक्सी पसरलेली असते. सोबत आलेला २५ मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावला की ४८ पट (१२०० भागिले २५) मोठं दिसतं, म्हणजे क्षेत्रफळात २३०० पट, आता उजेड ८४० पट आणि पसारा २३०० पट, तर प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला नुसत्या डोळ्यापेक्षा कमीच उजेड आला ना. आणि मागचं आकाश पण तेवढंच फिकं होतं, म्हणजे गॅलक्सी आणि आकाश यांच्यातला फरक होता तिथेच. ८ इंच घ्या की १६ इंच घ्या, पसरलेली गोष्ट मोठी दिसेल, नुसत्या डोळ्यापेक्षा जास्त उजळ कधीच दिसणार नाही. हे एक वाक्य विकणारा कोणीही सांगत नाही.

म्हणून आमच्या राजेंद्र नगरच्या गच्चीवरून देवयानी, म्हणजे एम३१ (एम म्हणजे मेसिए यांच्या यादीतला क्रमांक), बघितली तर काय दिसतं? एक पुसटसा लांबट गोळा, मधे जरा घट्ट. बास. आकाशात ती पूर्ण चंद्राच्या सहापट लांब आहे, खरं म्हणजे आयपीसमध्ये मावायला नको, आणि दिसतो तो ठिपका! तो ठिपका म्हणजे फक्त बल्ज, मधला फुगवटा. डिस्क, जिला आपण गॅलक्सी म्हणतो ती सगळी चकती, भोवऱ्यासारखे बाहू, धूळ, कोवळे निळे तारे, ते सगळं शहराच्या उजेडात बुडालेलं.

यामागे आकडा आहे आणि तो मला फार आवडतो. १९७० मध्ये केन फ्रीमन या ऑस्ट्रेलियन खगोलशास्त्रज्ञाने बऱ्याच गॅलक्सींच्या चकत्यांचा उजेड मधून कडेकडे कसा उतरत जातो ते तपासलं. एक तर तो ठरलेल्या पद्धतीने उतरतो, ठराविक अंतर बाहेर गेलं की उजेड एक तृतीयांशाच्या जरा वर राहतो, तेवढंच अंतर अजून गेलं की पुन्हा त्याचा एक तृतीयांश, असं करत करत विरून जातो, कड अशी नाहीच धड. आणि दुसरं जास्त नवल, की लहान-मोठ्या कितीतरी चकत्यांचा मधला उजेड जवळजवळ सारखाच निघाला, निळ्या प्रकाशात दर चौरस आर्कसेकंदाला (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग) २१.६५ मॅग्निट्यूड. मॅग्निट्यूडचं उलटं असतं, आकडा मोठा तितकं फिकं. आता मोठ्या शहराचं आकाश १८ च्या आसपास धरतात. हिशेब केला तर शहराचं आकाश डिस्कच्या सगळ्यात उजळ भागापेक्षा ढोबळ २५-३० पट उजळ! आणि हा डिस्कचा मधला भाग, कडेला तर विचारूच नका. बल्ज त्याहून बराच घट्ट म्हणून तेवढाच तरंगतो वर. सफाईत आपलं इंदूर नंबर एक, पण आकाश कोणी झाडत नाही, सगळीकडे पांढरे एलईडी वरच्या दिशेने.

त्यामुळे गाडी काढावी लागते. आम्ही जानापावला जातो, महूच्या पुढे, परशुरामाचं ठिकाण, चंबळचा उगम, इंदूरहून ४५ किलोमीटरच्या आसपास. नळी मागच्या सीटवर आडवी बसते, दार लावताना जपून. इंदूर-पीथमपूरचा उजेड उत्तरेला आणि ईशान्येला दिसतो, दक्षिण बाजू बरीच काळी आहे. हे माहीत असलेलं बरं कारण सप्तर्षींच्या वरच्या अंगाला असलेल्या एम८१-८२ या गॅलक्सी तिथून मार खातात आणि दक्षिणेकडच्या एम१०४, एम८३, एनजीसी २५३ (एनजीसी ही दुसरी, मोठी यादी) मस्त दिसतात.

दिवाळीची अमावस्या देवयानीसाठी कागदावर उत्तम, रात्री ती जवळजवळ डोक्यावर असते, पण फटाक्यांचा धूर. पुढच्या अमावस्येला जा. जानापावहून तीच देवयानी तोच आयपीस, आणि ती दृश्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, नळी सरकवली तरी अजून आहेच. एका बाजूला उजेड अचानक तुटतो, तिथे काळी रेघ, ती धुळीची पट्टी. सोबतीच्या एम३२ आणि एम११० दोन्ही दिसतात. २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड वगैरे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, मला त्यापेक्षा ती तुटलेली कड जास्त पटते, कारण तिथे कळतं की ही चकती आपल्याकडे तिरकी करून धरलीय आणि अलीकडच्या बाजूची धूळ मागच्या ताऱ्यांना झाकतेय.

एम३३ मात्र जानापावहूनही रडवते. यादीत मॅग्निट्यूड ५.७ लिहिलंय म्हणून लोक सोपी समजतात, पण तो सगळा उजेड चंद्राच्या दुप्पट लांबीवर सांडलाय आणि चकती देवयानीपेक्षा बरीच समोरून दिसते, बल्ज नावालाच. नजर थोडी बाजूला ठेवून बघायचं, सरळ नाही, कारण अंधारात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यावर नसतात. तरी धुराचा डाग दिसला तर स्वतःची पाठ थोपटा.

या दुर्बिणीची खरी रात्र म्हणजे गुढीपाडव्याच्या आसपासची. पाडवा अमावस्येला लागूनच येतो, म्हणजे चंद्राची कटकट नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये मध्यरात्री कन्या आणि अरुंधती केश डोक्यावर, तिकडे गॅलक्सींची नुसती गर्दी. (सकाळी गुढी उभारताना डोळे चुरचुरतात, आई बोलतात, ते सहन करायचं.) अरुंधती केशमधली एनजीसी ४५६५ ही माझ्या मते ८ इंचातून दिसणारी सगळ्यात सुंदर गोष्ट. ४ कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास दूर, आणि बरोबर कडेवर उभी, एक पातळ चंदेरी रेघ, मधे छोटा फुगवटा. डिस्क किती पातळ असते ते फोटो बघून कळत नाही, हे बघून कळतं. आपल्या आकाशगंगेचंच घ्या, ताऱ्यांची चकती १ लाख प्रकाशवर्षं रुंद आणि पातळ डिस्कमधले बहुतेक तारे मधल्या प्रतलाच्या वर-खाली हजारेक प्रकाशवर्षांत. तिच्याभोवती अजून एक जाड, विरळ, म्हाताऱ्या ताऱ्यांची डिस्क आहे हे तर १९८३ मध्ये कळलं, गिलमोर आणि रीड यांनी तारे मोजून काढलं. ती जाड डिस्क आयपीसमध्ये दिसत नाही, उगीच कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ४५६५ चा फुगवटा फोटोत जरा चौकोनी दिसतो, तो कडेने बघितलेल्या पट्टीचा परिणाम, म्हणजे आत ताऱ्यांची आडवी पट्टी आहे आपल्या आकाशगंगेसारखी.

फक्त एक त्रास. इंदूरहून ही गॅलक्सी जवळजवळ डोक्यावर जाते आणि डॉब्सोनियनला डोक्यावरचं आकाश नको असतं, नळी उभी केली की डावी-उजवीकडे वळवायला जोरच मिळत नाही, ढकलली की गोल गोल फिरते आणि वस्तू पळून जाते. ती डोक्यावर यायच्या तासभर आधी बघून घ्या. वर त्या सरळ फाइंडरमध्ये मान घालायची म्हणजे जमिनीवर गुडघे टेकून आकाशाकडे बघायचं, इथेच माझा अर्धा स्टार गेला.

त्याच रात्री एम१०४, मोठा बल्ज आणि त्याला छेदणारी धुळीची काळी रेघ, हवा स्थिर असेल तर ८ इंचातून रेघ जाणवते. आणि लगेच कन्येतल्याच एम८७ वर जा, एकदम साधा गोल कापसाचा गोळा, काहीच रचना नाही. ही लंबगोल गॅलक्सी. दोन्ही एकामागून एक बघितल्या म्हणून बारावीतल्या भाच्याने विचारलं, "मावशी, ही चपटी आणि ती गोल, असं का?" यासाठी मी ती रात्र कधी विसरणार नाही, कारण सगळा विषयच या प्रश्नात आहे आणि उत्तर द्यायला आरसा गार व्हायची वाट बघायची गरज नव्हती.

त्याला सांगितलं ते असं. आधी डार्क मॅटरचे (न दिसणारं, फक्त ओढीवरून कळणारं द्रव्य) मोठे गोळे जमतात, त्यांच्या ओढीने गॅस आत पडतो. शेजारच्या गोळ्यांच्या ओढाताणीमुळे या सगळ्याला थोडी गिरकी मिळालेली असते. गॅसचे ढग एकमेकांवर आपटतात, तापतात, उष्णता प्रकाश म्हणून बाहेर टाकतात आणि थंड होऊन आत बसतात. ऊर्जा अशी फेकून देता येते पण गिरकी फेकून देता येत नाही, तिलाच अँग्युलर मोमेंटम म्हणतात. मग वर-खाली होणारी चाल आपटून आपटून संपते आणि गोल फिरणारी उरते, झाली चकती. डार्क मॅटर असं काही करत नाही, ते उष्णता बाहेर टाकू शकत नाही म्हणून फुगलेलंच राहतं, चकती त्याच्या पोटात. आणि तारे एकदा बनले की ते पण एकमेकांवर आपटत नाहीत, मधे इतकी जागा असते. म्हणून दोन तयार चकत्या एकमेकींत घुसल्या तर ताऱ्यांच्या कक्षा सगळ्या दिशांना विस्कटतात आणि पुन्हा चपट्या होत नाहीत, एम८७ सारखा गोळा होतो. म्हणजे ४५६५ सारखी पातळ चकती दिसली की समजायचं, बऱ्याच काळात हिला कोणी मोठी धडक दिलेली नाही.

"मग हे कॉम्प्युटरवर करून बघितलं असेल ना," भाचा म्हणाला. बघितलं की. फॉल आणि एफस्टॅथियू यांनी १९८० मध्ये हिशेब मांडला होता की गॅसने आपली गिरकी राखली तर चकतीचा आकार बरोबर येतो. पण सिम्युलेशनमध्ये कितीतरी वर्षं चकत्या फारच लहान बनायच्या, गॅस घाईघाईने गुठळ्या करायचा आणि गिरकी डार्क मॅटरला देऊन टाकायचा. मग सुपरनोव्हांचे, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्यांचे, स्फोट गॅसला गरम करून बाहेर ढकलतात ते नीट धरलं तेव्हा गाडी रुळावर आली. आणि चकती बनायला फार काळ लागतो असं वाटत होतं तेही हललंय, २०२५ मध्ये पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोल संस्थेच्या संशोधकांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या डेटात अलकनंदा नावाची सर्पिल गॅलक्सी शोधली, विश्व तेव्हा जेमतेम दीडशे कोटी वर्षांचं होतं आणि हिचे बाहू अगदी व्यवस्थित.

बाहूंवरून एम५१. सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाला मरीची, त्याच्या जवळच. लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये आयर्लंडमधल्या आपल्या ७२ इंची दुर्बिणीतून हिचा भोवरा पहिल्यांदा बघून कागदावर काढला, आपल्या ८ इंचातून दोन गाभे (तिचा आणि शेजारच्या छोट्या गॅलक्सीचा) स्पष्ट आणि बाहू "आहेत बहुतेक" इतपत. घरी आईंना मोबाईलवर फोटो दाखवला तर म्हणाल्या "अगं ही तर जलेबी", इंदूरमध्ये दुसरं काय सुचणार. पण जलेबीचा वेढा म्हणजे एकच सलग धार, बाहू तसे असते तर कधीच आवळून गेले असते, कारण आतले तारे आपली फेरी बाहेरच्यांपेक्षा कमी वेळात पूर्ण करतात. आपला सूर्यच बघा, एक फेरी २२-२३ कोटी वर्षांची, जन्मल्यापासून वीसेक फेऱ्या झाल्या. इतक्या फेऱ्यांत कुठलाही धागा घट्ट गुंडाळला गेला असता. लिन आणि शू यांनी १९६४ मध्ये मांडलं की बाहू ही दाटीची लाट आहे, तारे आणि गॅस तिच्यात शिरतात आणि बाहेर पडतात, गॅस दाबला गेला की तिथे नवे तारे पेटतात म्हणून लाट उजळ दिसते. सगळ्याच गॅलक्सींना हे एकच उत्तर लागू पडत नाही, काहींचे बाहू तुटक असतात, बनतात आणि मोडतात, आणि एम५१ ला तर शेजारीण ओढतेय हे आयपीसमध्येच दिसतं.

पहाटे तीनला वृश्चिकाकडून आपली स्वतःची आकाशगंगा वर येते तेव्हा दुर्बीण सोडून नुसत्या डोळ्यांनी बघा. मधली काळी पट्टी म्हणजे तीच ४५६५ ची गोष्ट, आपण चकतीत बसून, मध्यापासून २६-२७ हजार प्रकाशवर्षांवरून.

काय दिसणार नाही ते पण सांगते म्हणजे मग कुरकुर नको. रंग दिसणार नाहीत, एकही नाही, सगळं राखाडी. चकतीच्या बाहेर कितीतरी लांब पसरलेला हायड्रोजन दिसणार नाही, त्याला नारायणगावजवळच्या जीएमआरटीसारख्या रेडिओ दुर्बिणी लागतात. आणि डार्क मॅटर तर अर्थातच नाही, जरी व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये याच देवयानीत कडेकडच्या भागाचा फिरण्याचा वेग उतरत नाही (दिसणारे तारेच सगळं वजन असते तर उतरला असता) हे मोजलं आणि त्यातून ती सगळी चर्चा पेटली. रंग आणि बाहू गच्चीवरूनच हवे असतील तर आजकालचे छोटे स्मार्ट टेलिस्कोप बघा, मित्राकडे आहे, ५० मिलिमीटरचंच भिंग, पण एकावर एक फोटो रचत शहराचा उजेड वजा करून अर्ध्या तासात एम५१ चे बाहू मोबाईलवर दाखवतं. मान्य करते की चित्र त्याचंच चांगलं. मला मात्र डोळा लावून बघायचंय, स्क्रीन दिवसभर ऑफिसात बघते.

घेणाऱ्यांसाठी उरलेलं पटापट. सोबतचा १० मिलिमीटरचा आयपीस सुमार आहे, पैसे आले की आधी ३० मिलिमीटरचा २ इंची रुंद आयपीस घ्या, देवयानी आणि एम३३ त्यानेच नीट दिसतात. गॅलक्सीसाठी म्हणून विकले जाणारे फिल्टर घेऊ नका, ते तेजोमेघांना चालतात, गॅलक्सीत सगळ्या रंगांचा ताऱ्यांचा उजेड असतो, फिल्टर तोच खातो. बाहेर काढल्यावर आरसा गार व्हायला अर्धा-पाऊण तास द्या. बैठकीचं पार्टिकल बोर्ड पावसाळ्यात कडेने फुगतं, मी कडांना वार्निश लावलं. आरशाला बुरशी धरू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या आत. आणि घ्यायचीच असेल तर पावसाळा संपल्यावर घ्या, जून ते सप्टेंबर ती नुसती कोपऱ्यात उभी राहते आणि वॉरंटीचे महिने जातात, ऑर्डर देताना सरळ फाइंडरऐवजी राइट-अँगल फाइंडर बदलून देता का ते आधी विचारून घ्या, काही जण थोड्या जास्त पैशात देतात.